नाना आणि काटा

नानांना कोणी सहज ‘काय, कसं काय?’ म्हटलं तर ते स्वतःच्या तब्येतीविषयी बोलत नाहीत. ‘घरून निघताना पाव, कर्वे पुतळ्याशी अर्धा आणि नळस्टॉपला पाऊणच्या पुढे,’ असं उत्तर येतं. नवख्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला चढउताराचा ताप येतोय. कोथरूडातल्या आमच्या सोसायटीत नवखं आता कोणी उरलेलं नाही. हा काटा नानांच्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डवरचा, तापमानाचा, हे वॉचमनच्या शाळेत न जाणाऱ्या मुलीलाही ठाऊक आहे. नाना गाडी लावून उतरले की ती विचारते, ‘आजोबा, किती?’

असा एखादा नाना प्रत्येक गल्लीत असतो. गाडी तेवढी वेगळी. कुठे अँबॅसडर, कुठे जुनी जीप, कुठे कार्ब्युरेटरवाली एट हंड्रेड. बॉनेट उघडं, मान आत आणि पाय बाहेर, एवढ्यावरून ओळख पटते. चेहरा दिसायची गरज नसते. आमच्या नानांचा चेहरा सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी नीट पाहिलेला नाही, पण त्यांची पाठ सगळे ओळखतात.

नानांनी पद्मिनी घेतली त्या काळी गाडी विकत घेता येत नसे, ती मिळत असे. आधी नंबर लावायचा, मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. फियाटच्या ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आणि पुढची सीट सलग. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षं भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. नानांनी ती बातमी वाचून चष्मा पुसला आणि लगोलग मुंबईला फोन लावला. आता सुटे भाग मोकळे होतील, असा त्यांचा हिशोब होता.

खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन तपासणी, पर्यावरण कर आणि नव्याने नोंदणी करावी लागते. नाना त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालतात. ‘माझी नोंदणी एकदाच झाली,’ काकू म्हणतात, ‘हिची किती वेळा व्हायची ते देवाला ठाऊक.’

गाडी तापते यात नाना गाडीचा दोष मानत नाहीत. ‘वय झालं,’ म्हणतात. ‘पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिच्यातला पाव हिस्सा जेमतेम चाकांना मिळतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकायची असते. इंजिन ही मुळात शेगडी आहे हो. जाता जाता गाडीही ओढते, एवढंच.’

पद्मिनीच्या डिकीत सामानाला जागा नाही. तिथे पाण्याचा एक कॅन, कूलंटचा एक, दोन फॅन बेल्ट, होज पाइपचे तुकडे, क्लिपा, टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेला लांब दांड्याचा आरसा असतो. गरम रेडिएटरचं झाकण धरायला जाड गोणपाट असतं. लाकडी मुठीचा एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरही आहे. त्याचं टोक चालू इंजिनात वॉटर पंपावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बेअरिंग खराब असेल तर आत खरखर ऐकू येते. नाना असे डोळे मिटून उभे राहिले की जिन्यातून उतरणारी मुलंसुद्धा पावलं हळू टाकतात. काकूंची बॅग मात्र प्रवासभर काकूंच्या मांडीवर असते.

दुसऱ्याची गाडी तापली की नानांसारखा जाणकार नाही. वरच्या मजल्यावरचा एक तरुण परवा घाईघाईने म्हणाला, ‘नाना, गाडी हीट होतेय. कूलंट टाकलं, तरी तेच.’

नानांनी बॉनेटला हात लावला नाही. ‘कधी?’ एवढंच विचारलं.

‘कालपासून.’

‘कुठल्या तारखेपासून ते नाही विचारलं. सिग्नलला, घाटात, की सुरू केल्या केल्या?’

‘सिग्नलला. हायवेला लागलो की काटा खाली येतो.’

‘म्हणजे पाणी फिरतंय, हवा मिळत नाही. पळताना वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीला तो पंख्याने द्यावा लागतो. तुझा पंखा विजेवरचा आहे. इंजिन तापू दे आणि बघ फिरतो का. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग सेन्सर, मग मोटर. या क्रमाने. मोटर महाग आहे म्हणून गॅरेजवाला ती आधी सांगेल.’

फ्यूजच निघाला. तरुणाने पेढे आणले. उलट तक्रार असती, म्हणजे गावात ठीक आणि वेगात किंवा चढावर काटा वर, तर नानांनी रेडिएटर आतून चोक झालाय का ते पाहायला सांगितलं असतं. सुरू केल्यावर पाचच मिनिटांत काटा टोकाला आणि रेडिएटरचा खालचा पाइप मात्र गार, असं असतं तर बंद अडकलेला थर्मोस्टॅट. पाणी रोज कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, असं कोणी म्हटलं की नानांचा आवाज खाली येतो. ‘हेड गॅस्केट,’ ते म्हणतात आणि घरच्यांना बाजूला घेतात.

रस्त्यात गाडी तापली तर काय करायचं, हेही त्यांना पाठ आहे. मेच्या उन्हात पुतण्याची गाडी तापली तेव्हा त्यांनी एसी बंद करायला लावला आणि हीटर पूर्ण सोडला. ‘हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो. इंजिन वाचेल.’ इंजिन वाचलं. पुतण्याची बायको बराच वेळ कोणाशी बोलली नाही.

घरच्या गाडीपुढे हा सगळा क्रम कोलमडतो. दुसऱ्याच्या गाडीला एकच रोग असतो, पद्मिनीला एकाच वेळी सगळे असतात. सोमवारी संशय फॅन बेल्टवर. अंगठ्याने दाबून पाहायचा, फार आत गेला तर सैल, म्हणजे पंखाही मंद आणि पंपही मंद. मंगळवारी रेडिएटर. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात, म्हणून रेडिएटरच्या पानांवरून हात फिरवून कुठे गार लागतंय ते चाचपायचं. गार लागली ती नळी बुजलेली. बुधवारी खालचा होज पाइप. इंजिन रेस केलं की पंपाच्या ओढीने मऊ पडलेला पाइप आत चपटा होतो आणि पाण्याची वाट अडते. त्यासाठी रेस करायला कोणी लागतं. काकूंचा बुधवारचा उपास असतो आणि ॲक्सिलरेटरवर पायही.

गुरुवारी टायमिंग. ठिणगी उशिरा पडली तर पेट्रोल उशिरा जळतं आणि जी आच पिस्टनवर खर्च व्हायची ती भिंती तापवत बसते. शुक्रवारी ब्रेक. एखादं चाक धरून राहिलं तर इंजिनाला उगाच जोर लावावा लागतो. चालवून आल्यावर नाना चारही चाकांपाशी वाकून हाताच्या पाठीने ऊब पाहतात. येणारे-जाणारे समजतात म्हातारा गाडीच्या पाया पडतोय, आणि आपणही हात जोडून पुढे जातात. शनिवारी मुख्य संशयित, काटाच. सेन्सरची वायर बॉडीला टेकली तर काटा खोटंच वर जातो. आणि रविवारी पुन्हा हेड गॅस्केट. गार इंजिनाचं झाकण काढायचं, इंजिन सुरू करायचं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहायचं. सतत येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. मग ऑइलची पट्टी काढायची. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर रंग दुधाळ होतो. नेमका त्याच वेळी काकू चहा घेऊन येतात. नाना कप उजेडात धरून म्हणतात, ‘असा रंग दिसायला नको.’

या तपासाला अंत नव्हता, आणि नानांची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. एक संशयित निर्दोष सुटला की दुसऱ्या माणसाला वाईट वाटलं असतं, नाना ताजेतवाने होत. कारण सापडेल या भीतीने ते कधी कधी झोपेत दचकत असावेत, असं मला वाटे.

मग भाचीचं लग्न आलं. साताऱ्याला, मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर. मुलगा टॅक्सी करा म्हणाला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पद्मिनी काढली.

शिरवळ गेलं तोवर काटा अर्ध्यावर होता. खंबाटकीचा चढ लागला आणि तो निघाला. नाना गिअर बदलत, काटा वाचत, काकूंना आकडे सांगत चालले होते. अर्ध्या घाटात बॉनेटखालून फुस्स आवाज झाला, काचेवर वाफ आली, आणि पैठणीतल्या काकू न सांगता दगड शोधायला उतरल्या. चाकाला दगड लावायचं काम त्यांच्याकडे असतं.

घाटात बॉनेट उघडलं की माणसं जमतात. पहिला ट्रकवाला थांबून म्हणाला, पंखा उलटा बसवलाय. एसटीच्या ड्रायव्हरने बस न थांबवता खिडकीतून ‘पंप!’ असा निकाल दिला. एक दुचाकीवाला बाटलीतलं गार पाणी इंजिनावर ओतायला धावला, तेव्हा नाना हात पसरून मध्ये उभे राहिले. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर हेडला तडा जातो. दुसरा एकजण झाकण उघडायला निघाला, त्याला नानांनी मनगटाला धरून थांबवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण फिरवलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. मग एवढी मंडळी आयती जमलीच आहेत म्हटल्यावर नानांनी व्याख्यान दिलं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. ‘तेव्हा घाट चढताना गाडीवर दुहेरी संकट. काम जास्त आणि उकळी लवकर.’ ट्रकवाल्याने मान डोलावली. दुचाकीवाल्याने वहीत लिहून घ्यायचंच बाकी ठेवलं. अक्षता पडायची वेळ टळून गेली होती.

साताऱ्याला पोचले तेव्हा शेवटची पंगत बसत होती. वरबापाने विचारलं, ‘का हो उशीर?’ नाना म्हणाले, ‘पाऊणच्या पुढे गेला.’ वरबापाला वाटलं, मुहूर्ताबद्दल बोलतायत. त्यांनी गुरुजींकडे रागाने पाहिलं.

परत आल्यावर काकूंनी एकच अट घातली. आता दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. नाना सुट्या भागांसाठी नाना पेठेत नेहमी जात, ती आपल्याच नावाची आहे अशा ऐटीत. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींशी त्यांचं चांगलं होतं, म्हणजे मिस्त्री त्यांना चहा पाजत आणि गाडीला हात लावत नसत. त्या दिवशीही दोघे बाकावर बसले. नानांनी बुजलेल्या नळ्यांपासून सुरुवात केली, मिस्त्री टायमिंगवर आले, दोघांनी मिळून गॅस्केटवर बराच वेळ काढला. हेड उतरवायचं, ते वाकलंय का पाहायचं, फेसिंग करून आणायचं, असा बेत ठरला. खर्च ऐकून नानांचा चेहरा उजळला. एवढा मोठा आजार निघाला याचं त्यांना समाधान होतं.

इकडे मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, त्याने गार झालेल्या रेडिएटरचं झाकण काढलं आणि आतल्या रबराच्या चकतीवर अंगठा फिरवला. रबर भुगा होऊन अंगठ्याला लागलं. स्प्रिंग दाबली, ती दाबलेलीच राहिली.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘झाकण.’

‘झाकणाला काय झालंय?’

‘झाकत नाही.’

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं, तो एक व्हॉल्व्ह असतो. त्याची स्प्रिंग आतलं पाणी दाबाखाली ठेवते. साध्या हवेत शंभर अंशांना उकळणारं पाणी एखाद्या किलोच्या दाबाखाली १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत टिकाव धरतं. स्प्रिंग ढिली पडली आणि रबर गेलं की दाब राहत नाही, पाणी शंभरीलाच उकळतं, वरच्या बारीक नळीतून बाहेर पडतं, पाणी कमी झालं की उरलेलं आणखी तापतं. पुढचं सगळं नाना सांगतातच. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तापलेल्या घाटात त्यांनी तेच तर समजावलं होतं. पण झाकण हे त्यांच्या लेखी तपासाचं साधन होतं. आत पाहायचं तर आधी ते काढायचं, पाहून झालं की लावायचं. पोलिसाने स्वतःच्या शिट्टीवर संशय घ्यावा, असा हा प्रकार होता.

पोराने डब्यातून दुसरं झाकण काढून बसवलं आणि सहज विचारलं, ‘साहेब, तुम्ही हे रोज उघडता का?’

मिस्त्री आभाळाकडे पाहू लागले. नाना काही बोलले नाहीत. काकू एवढ्या हसल्या की शेजारच्या टायरवाल्याने त्यांना पाणी आणून दिलं.

संध्याकाळी नाना कात्रजचा घाट चढून आले. दुसऱ्या दिवशी बोपदेव, तिसऱ्या दिवशी काकूंना घेऊन सिंहगडाचा पायथा. काटा अर्ध्यावर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. काकूंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं.

त्यानंतर नाना खंगले. ‘काय नाना, कसं काय?’ म्हटलं तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येई. त्यांच्या तोंडून असं उत्तर आम्ही कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे सोसायटीत काळजी पसरली. वॉचमनची मुलगी ‘किती?’ विचारी, नाना ‘अर्धा’ म्हणत, आणि दोघांनाही पुढे काय बोलावं ते कळत नसे. बॉनेट बंद असल्यामुळे लोकांना त्यांचा चेहरा दिसू लागला. त्यांना मिशी आहे, हा शोध काहींना याच सुमारास लागला. संध्याकाळी ते पार्किंगमध्ये हात मागे बांधून फिरत आणि दुसऱ्यांच्या गाड्यांखाली ओल दिसते का ते वाकून पाहत. सगळ्या गाड्या कोरड्या. ‘आजकालच्या गाड्यांत काही रामच नाही,’ ते म्हणत. चहा आला तर रंग न पाहता पीत.

पावसाळा तसाच गेला. मग डिसेंबरातल्या एका कडाक्याच्या सकाळी जिन्यात धडधड झाली. नाना धावत वर येत होते, गालांवर लाली आणि हातात टॉर्च.

‘काटा पावाच्या वर येत नाही!’

मी म्हटलं, ‘मग चांगलंच की.’

‘चांगलं?’ त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. ‘पंधरा किलोमीटर चालवून आलो, तरी इंजिन कोमट. याचा अर्थ कळतो का? इंजिनाला ठरावीक तापमान लागतं. गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, भिंतींवरून ओघळतं, तिथलं ऑइल धुऊन नेतं. ऑइलमध्ये ओल साठते. सिलिंडर झिजतात. तापणारी गाडी निदान बोंब मारते, वाफ काढते, चारचौघांत इज्जत घालवते, पण सांगते तरी. गार गाडी मुकाट झिजते आणि मालक म्हणतो, मग चांगलंच की!’

कारण त्यांना तिथल्या तिथे माहीत होतं. थर्मोस्टॅटचं काम इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवायचं. तो उघडा अडकला की पाणी पहिल्या क्षणापासून थंड होत राहतं. उन्हाळ्यात ते झाकून गेलं होतं, थंडीने उघडं पाडलं. मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, काढून फेका, पुण्यात कसली आलीय थंडी, अर्ध्या गाड्यांना थर्मोस्टॅट ठेवलेलाच नाही. नानांनी फोन ठेवला आणि म्हणाले, ‘अज्ञान हे रोगापेक्षा महाग पडतं.’ मग नाना पेठ पालथी घालून त्यांनी तीन थर्मोस्टॅट आणले. कोणत्यावर विश्वास ठेवायचा ते आधी सिद्ध व्हायला हवं होतं.

परीक्षा स्वयंपाकघरात झाली. पातेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, आणि दोऱ्याला बांधून अधांतरी सोडलेला थर्मोस्टॅट. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर आच सरळ लागून निकाल खोटा येतो. आतलं मेण ठरलेल्या उष्णतेला फुगतं आणि झडप ढकलतं. पहिला ऐंशीच्या अलीकडे उघडला. दुसरा ऐंशीच्या किंचित पुढे. नाना वहीत आकडे टिपत होते, मला पाणी ढवळायला सांगत होते, दोन्ही पायांवर आळीपाळीने उड्या मारत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला होता. काकू दारात उभ्या होत्या. पातेलं दुधाचं होतं, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

तिसरा नव्वदला उघडला नाही. पंचाण्णवला नाही. पाण्याला खळखळून उकळी फुटली, तरी त्याने तोंड उघडलं नाही. पार बंद अडकलेला, नवा कोरा, पक्का बिघडलेला थर्मोस्टॅट. हा बसवला असता तर काटा पाच मिनिटांत टोकाला गेला असता.

नानांनी तो दोऱ्यासकट बाहेर काढला, पंचाने पुसला आणि हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग दुसऱ्या क्रमांकाचा बसवायला खिशात टाकून ते खाली गेले, पण जाताना तिसरा त्यांनी फेकला नाही. वहीच्या खाली, खणात, हलक्या हाताने ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. एरवी मुलाला पाठवणाऱ्या काकू त्या दिवशी स्वतः खाली उतरल्या, मूठ आवळून.